ग्लायडर एकाचे, उड्डाण दुसऱ्याचे : मालकी, भाडे आणि जबाबदारी यांचा इतिहास

१/
खासगी मालकीचे ग्लायडर दुसऱ्या वैमानिकाने भाड्याने घ्यावे, दुपारभर उडवावे आणि सायंकाळी परत करावे, हा व्यवहार वरकरणी सायकल भाड्याने घेण्याइतका साधा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे सुमारे १७० वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : यंत्र एकाचे आणि जीव दुसऱ्याचा, मग काही विपरीत घडल्यास उत्तर कोणी द्यायचे?

२/
महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. सातबाराच्या उताऱ्यात जमिनीची मालकी एका नमुन्यात असते, तर त्या जमिनीत कोणते पीक उभे आहे याची नोंद दुसऱ्या नमुन्यात. मालकी आणि वहिवाट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शेतीने फार पूर्वी ओळखले. आकाशात हा भेद स्पष्ट होण्यास बराच काळ आणि काही बळी लागले.

३/
प्रथम यंत्राविषयी थोडेसे. ग्लायडरला इंजिन नसते. ते सतत हवेतून खाली घसरत असते आणि उंची खर्च करून अंतर मिळवते. सभोवतालची हवा त्याच्या घसरणीपेक्षा अधिक वेगाने वर चढत असेल, तर ग्लायडरही वर जाते. टेकडीच्या उतारावर आदळून वर वळणारा वारा किंवा तापलेल्या जमिनीवरून उठणारा ऊन हवेचा स्तंभ हेच त्याचे इंधन. चूक झाल्यास इंजिनाचा जोर वाढवून सावरण्याची सोय येथे नाही.

४/
इतिहासाचा आरंभ इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात होतो. ब्रॉम्प्टन गावचे जमीनदार सर जॉर्ज केली यांनी उचल, रोध आणि रेटा या बलांचा स्वतंत्र विचार करून स्थिर पंखांच्या विमानाची कल्पना मांडली होती. १८५२ मध्ये त्यांनी माणूस वाहून नेणाऱ्या ग्लायडरचा आराखडा ‘मेकॅनिक्स मॅगझिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १८५३ मध्ये ग्लायडर तयार झाले, तेव्हा केली यांचे वय ७९ होते. स्वतः उडणे शक्यच नव्हते.

५/
ग्लायडरमध्ये बसला तो त्यांचा गाडीवान, असे परंपरा सांगते. ही हकीकत मुख्यतः केली यांच्या नातीच्या आठवणीवर आधारलेली आहे. बालपणी पाहिलेला हा प्रसंग तिने अनेक दशकांनंतर सांगितला. ग्लायडर ब्रॉम्प्टनच्या दरीवरून पलीकडे गेले आणि धडपडत उतरले. बाहेर आलेल्या गाडीवानाने आपल्याला बग्गी हाकण्यासाठी ठेवले आहे, उडण्यासाठी नव्हे, असे सांगून नोकरी सोडण्याची सूचना दिली, असे ती आठवण म्हणते.

६/
त्या गाडीवानाच्या नावावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. मालकाचे नाव विमानविद्येच्या प्रत्येक ग्रंथात आहे. उडणाऱ्याचे मात्र वादग्रस्त. ही विषमता ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण विमानविद्येत सापडणे कठीण. गाडीवानाने भाडे दिले नव्हते आणि करारही केला नव्हता. तो चाकर होता. नकार देण्याचे स्वातंत्र्य त्याला उड्डाण झाल्यानंतरच मिळाले.

७/
याच दरीत १९७३ मध्ये त्या ग्लायडरची प्रतिकृती उडवली गेली. या वेळी यंत्रात बसले होते डेरेक पिगॉट, ब्रिटनमधील ख्यातनाम ग्लायडिंग-प्रशिक्षक. यंत्र याही वेळी उडणाऱ्याचे स्वतःचे नव्हते. परंतु उडणारा या विद्येतील जाणकार होता आणि आपल्या निर्णयाने बसला होता. त्या १२० वर्षांत काय बदलले, हेच या लेखमालेचे सूत्र.

८/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ओटो लिलिएंथाल यांनी या विद्येला शास्त्राची बैठक दिली. ते अभियंता होते आणि बर्लिनमध्ये त्यांचा वाफेची इंजिने व बाष्पके बनवणारा कारखाना होता. १८९१ पासून त्यांनी सुमारे २००० उड्डाणे केली. केली यांच्या उलट, लिलिएंथाल हे निर्माता, मालक आणि वैमानिक असे तिन्ही एकाच देही होते. आपल्या यंत्राचे गुणदोष त्यांना स्वतःच्या खांद्यांना कळत असत.

९/
१८९४ मध्ये त्यांनी ‘सामान्य ग्लायडर’ या अर्थाच्या नावाने एक नमुना सिद्ध केला आणि त्याच्या प्रती विकण्यास आरंभ केला. किंमत ५०० मार्क. किमान नऊ प्रती विकल्या गेल्या. एकाच ठरावीक नमुन्यावर बनलेले आणि मोल देऊन विकत मिळणारे हे जगातील पहिले विमान मानले जाते. ग्राहकांमध्ये मॉस्कोचे शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की, डब्लिनचे पदार्थवैज्ञानिक जॉर्ज फिट्झगेराल्ड आणि ब्रिटिश अभियंता पर्सी पिल्चर होते.

१०/
विक्रीमुळे एक नवी परिस्थिती जन्मास आली. आता मालक असण्यासाठी उडता येणे आवश्यक राहिले नाही. पैसे असणे पुरेसे होते. याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १८९६ मध्ये लिलिएंथाल यांचे एक ग्लायडर खरेदी केले. हेतू विद्येचा नव्हता. ‘न्यूयॉर्क जर्नल’चा खप वाढवणे हा होता.

११/
हर्स्ट स्वतः उडाले नाहीत. बहुतेक उड्डाणे हॅरी बोडाइन या न्यू जर्सीतील व्यायामपटूने केली. शिवाय वृत्तपत्राच्या बातमीदारांना आणि इतरांनाही संधी दिली गेली. म्हणजे खासगी मालकीचे एकच ग्लायडर अनेक हातांत फिरले. त्या काळच्या ग्लायडरचा तोल शरीर झुलवून सांभाळावा लागे, म्हणून बळकट देहाचा माणूस निवडला गेला. कोणाच्या हाती यंत्र द्यावे याचा निकष येथे प्रथमच दिसतो, पण तो स्नायूंचा होता, शिक्षणाचा नव्हता.

१२/
हेच ग्लायडर १९०६ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आले आणि आजही तिच्या संग्रहात जतन केलेले आहे. लिलिएंथाल मात्र ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवरून उडताना कोसळले आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये निवर्तले. पाठीमागे हजारो उड्डाणांचा अनुभव असलेला माणूसही स्वतःच्या यंत्राखाली दगावू शकतो, हे जगाने पाहिले. ते यंत्र नवख्याच्या हाती देणे किती धोक्याचे, हा बोध त्यात अनुस्यूत होता.

१३/
त्याच १८९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर निराळा प्रयोग चालू होता. रेल्वे आणि पुलांचे नामांकित अभियंता ऑक्टेव्ह शनूट वयाच्या ६४ व्या वर्षी ग्लायडर घेऊन तेथे तळ ठोकून होते. खर्च त्यांचा, ग्लायडर त्यांची, उड्डाणे प्रामुख्याने ऑगस्टस हेरिंग आणि विल्यम ॲव्हरी या तरुण सहकाऱ्यांची. पुलाच्या कैचीसारखी बांधणी असलेल्या त्यांच्या द्विपंखी ग्लायडरने ३५९ फुटांपर्यंत मजल मारली.

१४/
मालकाने उडणाऱ्यावर काय उपकार करावेत, याचा पाठ शनूट यांनी घालून दिला. मऊ वाळूचा उतार, सरोवरावरून येणारा वारा, आरंभी आखूड उड्या आणि मग लांब घसरण, असा क्रम त्यांच्या तळावर होता. ते उंटावरून शेळ्या हाकणारे मालक नव्हते. प्रत्येक प्रयोगाच्या वेळी उतारावर हजर असत. त्या मोसमात त्यांच्या तळावर कोणालाही गंभीर इजा झाली नाही.

१५/
तथापि याच पद्धतीची मर्यादाही शनूट यांच्याच वाट्यास आली. १९०२ मध्ये ते आपली ग्लायडर आणि हेरिंग यांना घेऊन राइट बंधूंच्या किटी हॉक येथील तळावर आले. शनूट यांची यंत्रे तेथे धड उडेनात. शेजारी राइट बंधू स्वतः बनवलेले ग्लायडर स्वतः उडवत, बिघाड स्वतः शोधत आणि रात्री स्वतः दुरुस्त करत होते. मालक, कारागीर आणि वैमानिक यांतील अंतर जितके कमी, तितकी चूक लवकर उमगते, हे त्या वाळूवर सिद्ध झाले.

१६/
राइट बंधूंचे ग्लायडर हेही एका अर्थी सामाईक मालकीचे होते. २३ सप्टेंबर १९०२ रोजी ऑरव्हिल यांच्या हातून ते आपटले. त्यांना इजा झाली नाही, पण दुरुस्तीत काही दिवस गेले. एकाच्या हातून मोडले की दुसऱ्याचेही उड्डाण थांबते, हा सामाईक मालकीचा पहिला नियम. पुढील काळातील प्रत्येक ग्लायडर-गटाने तो अनुभवला आहे.

१७/
यानंतर येते या इतिहासातील सर्वांत वेदनादायक पान. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक जॉन माँटगोमेरी यांनी बनवलेले ‘सांता क्लारा’ हे ग्लायडर २९ एप्रिल १९०५ रोजी उष्ण हवेच्या फुग्याला टांगून सुमारे ४००० फुटांवर नेण्यात आले. तेथून ते सोडवून उडवत खाली आणणारा होता डॅनियल मलोनी. तो हवाई छत्रीच्या उड्या मारून पोट भरणारा खेळकरी होता. प्रेक्षकांसमोर तो सुखरूप उतरला आणि त्याची वाहवा झाली.

१८/
१८ जुलै १९०५ रोजी पुन्हा खेळ होता. वर चढताना फुग्याच्या दोराने ग्लायडरच्या बांधणीला इजा केली. जमिनीवरील लोकांच्या ते ध्यानात आले, पण वर बसलेल्या मलोनीला त्याची कल्पना नव्हती, असे दिसते. त्याने ग्लायडर मोकळे केले. पंख टिकले नाहीत आणि तो कोसळून मरण पावला. यंत्र सुस्थितीत आहे की नाही हे पाहणे कोणाचे काम आणि उडावे की नाही हे ठरवणे कोणाचे, या दोन प्रश्नांमधील फटीत एक जीव गेला.

१९/
माँटगोमेरी यांना केवळ दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांनी पुढेही संशोधन चालू ठेवले आणि ३१ ऑक्टोबर १९११ रोजी स्वतःच्या ग्लायडरमध्ये उडताना झालेल्या अपघातात त्यांचाही अंत झाला. त्या काळात धोका मालकालाही होता आणि वैमानिकालाही. फरक इतकाच की, मालक आपल्या ध्येयासाठी तो पत्करत होता आणि मलोनीसारखा माणूस पोटासाठी.

२०/
पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवण्यास मनाई केली आणि इंजिनाच्या विमानांवरही कडक निर्बंध आले. मात्र ग्लायडर त्या कचाट्यातून सुटले. १९२० पासून ऱ्होन पर्वतातील सुमारे ९५० मीटर उंचीच्या वासरकुप्पे या माथ्यावर दरवर्षी स्पर्धा भरू लागल्या. तेथे येणारे बहुतेक विद्यार्थी होते. एकट्याने ग्लायडर बाळगण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता.

२१/
निरुपायातून गट-मालकी जन्मली. हॅनोव्हरच्या विद्यार्थी-वैमानिकांच्या गटाचे ‘व्हॅम्पायर’ हे ग्लायडर त्याचे उत्तम उदाहरण. १८ ऑगस्ट १९२२ रोजी आर्थर मार्टेन्स यांनी ते तासाभराहून अधिक काळ हवेत ठेवले. २४ ऑगस्टला त्याच ग्लायडरमध्ये हाइनरिश हेन्ट्झेन तीन तासांहून अधिक काळ तरंगत राहिले. यंत्र एक, वैमानिक दोन आणि एका आठवड्यात दोन विक्रम. पहिल्याने टेकडीवरचा वारा जोखला, दुसऱ्याने त्या ज्ञानाचा लाभ घेतला.

२२/
मार्टेन्स यांनी पुढे वासरकुप्पेवर ग्लायडिंगची शाळा काढली. येथे व्यवहाराने नवे वळण घेतले. शाळेच्या ग्लायडरमधून शिकणाऱ्याला यंत्र विकत घ्यावे लागत नाही. तो त्याचा वापर विकत घेतो. परंतु शाळा त्याला यंत्र देण्यापूर्वी शिकवते आणि पारखते. हर्स्ट यांच्या काळातील स्नायूंच्या निकषाची जागा आता शिक्षणाने घेतली. भाड्याने ग्लायडर देण्याच्या आजच्या पद्धतीचे बीज येथे आहे.

२३/
त्या काळी उड्डाणाची रीतही अशी होती की, एकट्या मालकाचा पाड लागू नये. रबराचा जाड दोर ग्लायडरच्या नाकाला अडकवून दोन्ही बाजूंनी माणसे उतारावर धावत आणि गलोलीतून खडा सुटावा तसे ग्लायडर हवेत फेकले जाई. त्यासाठी आठ-दहा जणांची गरज भासे. ग्लायडर एकट्याने विकत घेता येत होते, पण एकट्याने उडवता येत नव्हते. म्हणून या खेळात शेजारधर्म आरंभापासून सक्तीचा ठरला.

२४/
ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९२२ मध्ये इटफर्ड टेकडीवर ‘डेली मेल’ने १००० पौंडांची स्पर्धा भरवली. ती जिंकली फ्रेंच वैमानिक अलेक्सी मानेरोल यांनी, ३ तास २१ मिनिटे हवेत राहून. ग्लायडर लुई पेरे यांनी बनवलेले होते. पुढे १९२९ च्या अखेरीस ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन स्थापन झाली आणि क्लब उभे राहिले. चार-पाच मित्रांनी मिळून एक ग्लायडर घ्यायचे आणि पाळीपाळीने उडवायचे, ही रीत तेथे आजही रूढ आहे.

२५/
खेळ वाढला तसा कायदाही आला. ब्रिटनच्या १९२० च्या हवाई कायद्याने एक कठोर तत्त्व घातले : उडत्या विमानामुळे जमिनीवरील माणसाचे वा मालमत्तेचे नुकसान झाल्यास, निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई विमानाच्या मालकाकडून वसूल होईल. तर्क सरळ आहे. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर विमान पडले, तर वैमानिक कोठे चुकला हे त्याने कसे सिद्ध करावे?

२६/
पण मालकाने विमान दुसऱ्याला भाड्याने दिले असेल तर? ब्रिटनचा १९८२ चा नागरी विमान वाहतूक कायदा याचे नेमके उत्तर देतो. विमान खरोखर १४ दिवसांहून अधिक काळासाठी भाड्याने दिलेले असेल आणि ते चालवणारे मालकाच्या नोकरीत नसतील, तर मालकाच्या जागी भाडेकरू जबाबदार धरला जातो. यावरून उघड होते की, एका दुपारीसाठी ग्लायडर देणाऱ्या मालकाची जबाबदारी सुटत नाही.

२७/
हीच १४ दिवसांची रेषा १९५२ च्या रोम करारातही आहे. त्यानुसार नुकसानीची जबाबदारी विमान चालवणाऱ्यावर येते. मात्र त्याच्याकडे वापराचा अनन्य अधिकार १४ दिवसांहून अधिक काळासाठी नसेल, तर ज्याने तो अधिकार दिला तोही त्याच्यासह जबाबदार ठरतो. अल्पकाळ यंत्र हाती आलेल्या माणसावर सगळा भार टाकून मालकाने नामानिराळे राहू नये, हा त्यामागील न्याय. केली यांच्या गाडीवानाला जे संरक्षण नव्हते, त्याची ही दूरची भरपाई म्हणता येईल.

२८/
अमेरिकेच्या हवाई नियमांनी जबाबदारीची वाटणी आणखी स्पष्ट केली आहे. विमान उड्डाणयोग्य स्थितीत राखण्याची प्राथमिक जबाबदारी मालकावर किंवा ते चालवणाऱ्यावर. उड्डाणासंबंधीचा अंतिम निर्णय आणि त्याची जबाबदारी मुख्य वैमानिकावर. मलोनीच्या मृत्यूत जी फट होती, ती बुजवण्याचा हा प्रयत्न आहे. मालकाने यंत्र नीट राखावे; वैमानिकाने ते तपासूनच बसावे. एकाने केले म्हणून दुसऱ्याला सूट नाही.

२९/
आता आजचा व्यवहार पाहावा. जाणता मालक ग्लायडर देण्यापूर्वी भाड्याच्या रकमेआधी इतर गोष्टी विचारतो. वैमानिकाचा परवाना आणि अलीकडील उड्डाणे. याच जातीच्या ग्लायडरचा अनुभव. प्रशिक्षकाबरोबर केलेले परीक्षण-उड्डाण. त्याहून महत्त्वाचा विमा. अनेक विमापत्रांत ग्लायडर कोण उडवू शकेल हे ठरलेले असते आणि मोबदला घेऊन दिलेल्या वापराला संरक्षण नसते. मित्राला फुकट देणे आणि भाड्याने देणे यांत विम्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

३०/
दुसरा मुद्दा जोडणीचा. ग्लायडर पंख काढून लांब ट्रेलरमध्ये ठेवतात आणि उड्डाणापूर्वी जोडतात. एखादा नियंत्रणाचा सांधा जोडायचा राहिला, तर ते जमिनीवर दिसत नाही, हवेत कळते. म्हणून एक जण आत बसून दांडा हलवतो, दुसरा बाहेर पंखाचा हलता भाग हाताने धरून विरोध करतो. विरोध आत जाणवला तरच सांधा खरा जोडलेला. परक्याचे ग्लायडर घेणाऱ्याने ही तपासणी मालकाच्या शब्दावर कधीही सोडू नये.

३१/
तिसरा मुद्दा परतीचा. वर चढणारी हवा संपली की ग्लायडर कोणाच्या तरी शेतात उतरते. ते आणायला ट्रेलर घेऊन कोण जाणार, पिकाची भरपाई कोण देणार, रस्त्यात ट्रेलर उलटला तर खर्च कोणाचा आणि विम्याने न भरलेली पहिली रक्कम कोणाच्या खिशातून जाणार, हे आधी लिहून ठेवलेले बरे. मैत्री तोंडी बोलण्यावर टिकते, करार कागदावर. ग्लायडर देताना दोन्ही जपायच्या असतात.

३२/
भारतात ग्लायडिंगची वाट वेगळी पडली. पुण्यातील हडपसरचे ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत चालत आले. देशातच रचना झालेले, शेजारी-शेजारी दोन आसने असलेले ‘रोहिणी’ हे ग्लायडर १९६१ मध्ये प्रथम उडाले. येथे यंत्र शासनाचे आणि वापर नागरिकाचा, असा प्रकार राहिला. शिकू इच्छिणाऱ्या सामान्य घरातील तरुणाला ५०० मार्कांचा ग्राहक किंवा हर्स्ट यांच्यासारखा धनिक असण्याची गरज उरली नाही.

३३/
चाकरापासून खेळकऱ्यापर्यंत, विद्यार्थ्यांच्या गटापासून भाडेकरूपर्यंत, दुसऱ्याच्या ग्लायडरमध्ये बसणाऱ्याचे स्थान असे बदलत गेले. गाडीवानाला उतरल्यावर नकार देता आला. मलोनीला ती संधीही मिळाली नाही. आजच्या वैमानिकाला पट्टा बांधण्यापूर्वी तपासण्याचा, विचारण्याचा आणि नाही म्हणण्याचा अधिकार आहे. भाडेकराराच्या कागदावर रकमेच्या रकान्याआधी खरे तर हाच अधिकार लिहिलेला असतो.